परतीची हवा

१

लोक गाडीला जेवढं जपतात त्याच्या निम्म्यानं तळघरातल्या भट्टीला जपले असते, तर माझा धंदा कधीच बसला असता. गाडीचं तेल वेळच्या वेळी बदलतील, थंडीत तिला विजेची वायर लावून ऊब देतील. आणि जी भट्टी सहा महिने अख्खं घर गरम ठेवते तिच्या अंगाला चिकटून रंगाचे डबे, रद्दीचे गठ्ठे आणि नाताळचं प्लॅस्टिकचं झाड रचून ठेवतील. मग मी जातो आणि ओरडतो. सरोवराकाठच्या आमच्या गिमली गावात मला 'ओरडणारा बाल्डविन' म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

माझं पालुपद एकच. भट्टी गरम हवा घरभर पाठवते, ठीक. पण जेवढी पाठवली तेवढी परतही आली पाहिजे. गरम हवेच्या जाळ्या खिडक्यांखाली असतात, त्या सगळ्यांना ठाऊक असतात. परतीची मोठी जाळी मात्र जिन्याजवळ कुठंतरी अंधारात असते, आणि तिच्यापुढं लोक खुशाल सोफा सरकवतात. या परतीच्या वाटेवर, भट्टीच्या अगदी तोंडाशी, फिल्टर बसतो. घरातली धूळ, केस, कुत्र्याची लव, सगळं तो आपल्या पुढच्या बाजूवर धरून ठेवतो आणि भट्टीकडं स्वच्छ हवा सोडतो. महिन्यातून एकदा तो बदलायचा. दोन मिनिटांचं काम, पण लोकांच्या अगदी जिवावर येतं.

आता माझं सांगतो. जन्मभर दुसऱ्यांची घरं गरम केली आणि स्वतः भाड्याच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन झोपलो. पहिली बायको केव्हाच सोडून गेली, आणि तिचंही काही चुकलं नाही. त्यामुळं साठीला टेकल्यावर थोर्डिसनं लग्नाला हो म्हटलं, तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून लहान पोरासारखा रडलो. ती म्हणाली, "अरे, कॉफीत पडतंय सगळं. कप तरी बाजूला ठेव."

थोर्डिसचं सगळं चांगलं होतं, फक्त छाती वाईट. तरुणपणची कितीतरी वर्षं ती मासे कापायच्या शेडमध्ये ओल्या थंडीत उभी राहिली होती. दर हिवाळ्यात ती खोकायला लागायची आणि इस्पितळात जायची. मागच्या वेळी तर डॉक्टरांनी तिच्या मुलीला दूरच्या ब्रँडनहून बोलावून घेतलं होतं. मला दुसऱ्या कशाचीच भीती नव्हती. इतक्या उशिरा हाती लागलेली ही बाई एखाद्या हिवाळ्यात हातची जाईल, एवढीच होती.

म्हणून मी तिच्या घरात नवी भट्टी बसवली. जुनी म्हणजे एक म्हातारं धूड होतं, आतून तडा गेलेलं. तिच्या भरवशावर मी शत्रूलाही झोपू दिलं नसतं. माझा धंद्यातला जोडीदार गिस्ली मदतीला होता. आधी गॅसचा कॉक बंद केला, वीज तोडली. नवी भट्टी लेव्हल लावून सपाट बसवली. गॅसच्या नळीचा एकेक सांधा साबणाच्या फेसानं तपासला, एकही बुडबुडा नाही. जळलेली हवा बाहेर टाकणारी पांढरी नळी भिंतीतून अंगणात काढली आणि तिला आतल्या बाजूला उतार दिला, म्हणजे पाणी तोंडाशी गोठून नळी बुजायला नको. झोपायच्या खोलीबाहेर विषारी वायूचा अलार्म लावला.

गिस्ली म्हणाला, "एवढी काळजी पहिल्या बायकोची घेतली असतीस तर?"

"तर थोर्डिस कुठून मिळाली असती रे?"

वरून थोर्डिस ओरडली, "मला सगळं ऐकू येतंय! जाळीतून!"

आम्ही तिघंही खूप हसलो. फार सुखाचा दिवस होता तो.

२

थंडी पडली. सरोवर गोठलं, अंगणातला बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकला. आणि थोर्डिस खोकली नाही.

मी रोज वाट बघायचो. जेवणानंतर ती खिडकीजवळच्या खुर्चीत डुलकी घ्यायची. पूर्वी तेव्हा तिची छाती जुन्या केटलीसारखी वाजायची, शेजारच्या खोलीत ऐकू यायची. आता तिथं अगदी शांतता असायची. जाग आली की ती गालांवर लाली घेऊन उठायची आणि कणीक मळायला बसायची. आलुबुखाराच्या थरांचा केक तर त्या महिन्यात इतक्या वेळा झाला की मी पँटचं बटण सैल केलं. कॉफीनंतर वेलचीचा दाणा चघळायची तिला सवय, त्यामुळं ती जवळून गेली की तोच वास यायचा.

छातीच्या रोग्यांना तपासायला घरी नर्स येते. हसरी, तरुण पोरगी. तिनं थोर्डिसच्या पाठीला नळी लावली, इकडं लावली, तिकडं लावली, मग नळी झटकून पुन्हा लावली.

"कमाल आहे," ती म्हणाली. "घरघर नाही, शीळ नाही, काहीच नाही. इतकी शांत छाती मी ऐकलीच नाहीये हो कुणाची."

"नवऱ्यानं भट्टी बसवलीय," थोर्डिस ऐटीत म्हणाली.

"मग माझ्या घरीही पाठवा त्यांना!"

मी एवढा फुगलो होतो, विचारू नका. त्याच आनंदात शीळ घालत तळघरात गेलो, भट्टीचं बटण बंद केलं आणि महिन्याचा फिल्टर बाहेर ओढला.

पुढची बाजू पांढरी होती. म्हणजे नुसती स्वच्छ नव्हे, खोक्यातून काढल्यासारखी कोरी.

मी तो उलटा केला. भट्टीकडची बाजू, जी कायम स्वच्छ राहते, जी मी आजवर शेकडो घरांत स्वच्छ बघितलीय, तिच्यावर थर बसला होता. धुळीसारखा राखाडीही नव्हता. पांढुरका, मऊ, किंचित ओलसर. बोट लावलं तर बोटाला चिकटला. वास घेतला तर वेलचीचा वास आला.

पहिला विचार मनात आला की मीच गाढवासारखा फिल्टर उलटा बसवला. पण फिल्टरच्या कडेला बाण छापलेला असतो, तो भट्टीकडं असावा लागतो, आणि तो तसाच होता. त्यावर माझ्या हातची पेनची खूण होती. म्हणजे महिनाभर हवा उलट्या बाजूनं आली होती. भट्टीकडून, परतीच्या वाटेनं, घरात.

गिस्लीला फोनवर सांगितलं तर तो खिदळला. "नवीन लग्न झालंय लेका. या दिवसांत माणसाला उजवं-डावं कळत नाही."

"अरे, बाण बरोबर होता!"

"मग थोर्डिसनं काढून पुसला असेल आणि उलटा लावला असेल. विचार तिला."

मी विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या भट्टीला हात लावायची माझी काय टाप आहे बाबा."

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तळघरात जे काही आवाज येतात त्यांची नावं मला पाठ आहेत. पत्रा तापला की टणकन वाजतो, पंख्याचा पट्टा सैल झाला की किंचाळतो. आणि माणसांना नसत्या गोष्टी दिसायला लागल्या तर त्याचंही कारण मला माहीत आहे. भट्टीतून विषारी वायू गळत असला की डोकं जड होतं, भास होतात. म्हणून पहिली शंका मी तीच घेतली. मीटर घेऊन घरभर फिरलो. तळघर, बोळ, झोपायची खोली, सगळीकडं शून्य. अलार्म तपासला, ठीक होता. सांध्यांना पुन्हा फेस लावला, बुडबुडा नाही. भट्टी मी शिकवताना दाखवावी इतकी चोख चालत होती.

मग परतीच्या वाटेकडं वळलो. आमच्याकडच्या जुन्या घरांत ही वाट सरळ नळीची नसते. जुने कारागीर दोन तुळयांच्या मधल्या पोकळीला खालून पत्रा ठोकायचे, भिंतीतली पोकळी तिला जोडायचे आणि झाली परतीची वाट. आत कुठं कुठं फाटे फुटतात ते बांधणाऱ्यालाही माहीत नसायचं. थोर्डिसच्या घरात वाट तशीच होती, आणि ती मी तशीच ठेवली होती. सगळे ठेवतात. मी स्वतःला म्हटलं, बाल्डविन, कुठंतरी भिंतीत फट आहे, बाहेरचा वारा शिरतोय, तोच हवा उलटी लोटतोय. झालं. जीव भांड्यात पडला.

खात्री म्हणून बोळातल्या परतीच्या जाळीवर कागदी रुमाल धरला. भट्टीचा पंखा चालू होता. रुमाल जाळीला घट्ट चिकटला, चिकटायलाच हवा. घर पुरेसं तापलं, पंखा थांबला. आता रुमाल खाली पडायला हवा होता.

तो पडला नाही. तो हळूच फुगला, माझ्याकडं आला. मग परत गेला, जाळीला टेकला. पुन्हा फुगला. पुन्हा गेला.

मी गुडघ्यावर बसून बघत राहिलो. बाहेर वारा पडलेला होता. खिडकीतून शेजाऱ्याच्या चिमणीचा धूर सरळ वर जाताना दिसत होता. रुमाल येत होता, जात होता, कसलीही घाई नाही. शेजारच्या खोलीत थोर्डिस खुर्चीत झोपली होती. मला तिच्याकडं बघायचं नव्हतं. पण बोळातून ती दिसते.

तिचे हात मांडीवर होते, स्वेटरची निळी गुंडी छातीवर होती. मी त्या गुंडीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. गुंडी जागची हलत नव्हती.

"थोर्डिस!"

तिनं डोळे उघडले. "काय रे? जमिनीवर काय बसलायस? गुडघे धरतील ना."

४

माणूस आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, हे बरंच आहे. स्वेटर जाड होता, चष्मा माझा जुना होता. पण वारा कुठून येतो ते शोधणं भाग होतं, आणि त्यासाठी एक साधी तपासणी असते. परतीच्या जाळीवर प्लॅस्टिकचा कागद लावून कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. कागद फुगला तर आतून वारा येतोय, नाही फुगला तर नाही. भट्टी चालू असताना हे कधी करू नये, पंख्याचा जीव जातो. म्हणून मी आधी खाली जाऊन तिचं बटण बंद केलं.

दुपारची वेळ. स्वयंपाकघरात थोर्डिस पीठ मळत गात होती. तिच्या आईचं कुठलंसं गाणं, आईसलँडच्या जुन्या बोलीतलं, मेंढ्या हरवलेल्या एका मुलीचं. तिचा आवाज काही खास नाही. पण पूर्वी तिला एक ओळसुद्धा सलग म्हणता यायची नाही, आता सगळं कडवं म्हणायची, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

मी कागद लावला. चारही कडा दाबल्या.

कागद फुगला नाही. तो आत ओढला गेला. जाळीच्या प्रत्येक चौकटीत शिरून ताणला गेला आणि तसाच राहिला.

गाणं थांबलं.

मी हाक मारली नाही, सरळ धावलो. ती ओट्याशी उभी होती. हात मनगटापर्यंत पिठात. तोंड गाण्यासाठी उघडलेलं. डोळे उघडे, खिडकीकडं लागलेले. पडली नव्हती, डुलत नव्हती, चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नव्हती. नळाला एक थेंब लोंबत होता, तो पडला, तेवढाच आवाज झाला.

मी बोळाकडं वळलो, गुडघ्यावर आपटलो आणि नखांनी कागद फाडला. जाळीतून लांब, ओला सुस्कारा बाहेर आला. माझ्या तोंडावर आला.

स्वयंपाकघरात गाणं पुढं सुरू झालं. मेंढ्या सापडल्या त्या ओळीपासून.

५

त्यानंतर मी कुणाला काही बोललो नाही. काय बोलणार होतो? बायको बरी आहे अशी तक्रार कुणाकडं करतात? ती खात होती, हसत होती, कोपऱ्यावरच्या बायकांना कॉफीला बोलावून माझ्या ओरडण्याची नक्कल करून दाखवत होती. बाहेर ती फारशी पडायची नाहीच; थंड हवा तिला बाधते म्हणून सामानसुमान मीच आणायचो, ती आधीपासूनची रीत होती. माझे दिवस उबदार चालले होते. खोटं कशाला बोलू, मी सुखी होतो. फक्त बोळातून जाताना जाळीकडं पाठ करून जायला लागलो होतो.

एका सकाळी बर्फ बराच पडला. अशा वेळी भिंतीतून बाहेर काढलेल्या पांढऱ्या नळीचं तोंड मोकळं करावं लागतं, नाहीतर भट्टी गुदमरते. मी फावडं घेऊन अंगणात गेलो. ऊन होतं, पण थंडी अशी की नाकातले केस कडक व्हावेत. माझ्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. नळी कोरडी होती. घर तापलं होतं, भट्टी पेटलेली नव्हती, तेव्हा नळीतून काही यायचं कारणच नव्हतं. मी बर्फ बाजूला केला.

मागचं दार उघडून थोर्डिस नुसत्या स्वेटरवर बाहेर आली.

"टोपी कुठंय तुझी?" ती म्हणाली. "कान गळून पडतील आणि मग म्हणशील, ऐकू आलं नाही!"

मी तिच्याकडं बघितलं. उन्हात तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. ओठ हलत होते. तोंडापुढं काही नव्हतं. वाफेचा धागासुद्धा नव्हता.

माझ्या खांद्याशी, नळीतून, पांढऱ्या वाफेचा एक पुंजका बाहेर आला.

"काय बघतोयस असा?" पुंजका. "ये ना आत." पुंजका. "कॉफी गार होतेय."

मग ती हसली, माझ्या चेहऱ्याला हसली असणार. आणि नळी लागोपाठ फुसफुसत, छोटे छोटे ढग सोडत राहिली, ती हसायची थांबेपर्यंत.

मी आत गेलो. कॉफी प्यायलो. कॉफी चांगली झाली होती.

६

नाताळच्या आधी ब्रँडनहून फोन आला. थोर्डिसच्या मुलीला, उन्नूरला, मुलगी झाली होती. जरा वेळेआधी. बाळ घरी आलं होतं, पण छाती नाजूक होती, डॉक्टर जपा म्हणाले होते. थोर्डिसनं फोन ठेवला आणि पलंगाखालची बॅग ओढली.

"उद्या निघू," ती म्हणाली.

मी म्हटलं, "रस्ते वाईट आहेत."

"काल तर तू विनिपेगला जाऊन आलास."

"टायर झिजलेत गं."

"बाल्डी, भट्टीच्या बाबतीत तू लोकांना एक थाप पचू देत नाहीस. आणि मला टायरच्या थापा मारतोस?"

"तू बाहेर जाऊ नकोस," मी म्हणालो. "बरी आहेस ना आता? मग राहा घरी."

"बरी आहे म्हणूनच जातेय! मागच्या हिवाळ्यात ती पोरगी माझ्या उशाशी बसून रडली. आता तिच्या घरी रडणं आहे, आणि मी इथं केक खात बसू?"

ती कपड्यांच्या घड्या करत राहिली. मग एक लोकरीचं टोपडं हातात धरून थांबली.

"त्या दिवशी मी पीठ मळत होते," ती म्हणाली. "तू धावत आलास आणि धावत गेलास. तेव्हापासून माझ्याकडं चोरून बघतोस. मला कळत नाही असं समजू नकोस."

"काय झालं होतं तुला?"

तिनं विचार केला. "काही दुखलं नाही. कुणीतरी जरा वेळ माझं ओझं हातातून काढून घ्यावं ना, तसं वाटलं. आणि मग परत दिलं." तिनं टोपडं बॅगेत ठेवलं. "उद्या सकाळी. आणि टोपी घालून ये."

मला खरं सांगायचं होतं. पण खरं म्हणजे काय सांगायचं? तिला थांबवायला माझ्याकडं एकही शब्द नव्हता जो शहाण्या माणसानं उच्चारावा. त्यातून मनात एक वेडी आशाही होती: गाडी निघेल, काही होणार नाही, आणि मी एक भित्रा म्हातारा ठरेन. मला तसं ठरायला आवडलं असतं.

७

सकाळी निघालो. थोर्डिस खुशीत होती. बॅगेतून बाहेर काढलेल्या टोपड्याचा रंग, बाळाचं नाव, उन्नूरच्या नवऱ्याला अंडं उकडता येत नाही, अशी अखंड बडबड चालली होती. गावातली शेवटची घरं मागं पडली. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं लागली. माझ्या बाजूची काच माझ्या श्वासानं धुरकटली होती, मी ती पुन्हा पुन्हा पुसत होतो. तिच्या बाजूची काच अगदी लख्ख होती.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिचा आवाज बारीक झाला. मी म्हटलं, "दमलीस?" ती म्हणाली, "छे." मग पुढचं वाक्य हळू आलं, त्याच्या पुढचं आणखी हळू.

"बाल्डी, उन्नूरला सांग..."

मी वाट बघितली. इंजिनाचा आवाज तेवढा होता. वळून बघितलं तर ती समोर रस्त्याकडं बघत होती, ओठ जरासे उघडे, हात मांडीवरच्या टोपड्यावर. हात धरला, ऊबदार होता. गाडी कडेला घेऊन तिच्या ओठांशी माझा गाल नेला. तिथं काहीही नव्हतं.

गाडी कशी वळवली मला आठवत नाही. मी तिच्याशी मोठमोठ्यानं बोलत होतो, ओरडत होतो, जसा लोकांवर ओरडतो तसा. "आलं घर, हे बघ आलंच, जरा थांब, कुठं जाऊ नकोस!" गिमलीतल्या माणसांनी मला त्या वेगानं जाताना बघितलं असेल तर त्यांनी तोंडात बोटं घातली असतील.

अंगणात गाडी शिरली. भिंतीतल्या नळीनं वाफ सोडली.

"...बाळाला घेऊन इकडंच ये म्हणावं," थोर्डिस म्हणाली. "आपलं घर किती गरम आहे." मग तिनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझ्या गालांवर पाणी होतं, ते मी पुसलं नव्हतं. "आपण परत का आलो?"

"तुला फोन करायचा होता ना."

तिला किती कळलं, मी आजही विचारलेलं नाही.

"हो," ती म्हणाली. "तोच करायचा होता."

फोनवर उन्नूर रडत होती. आई येणार नाही म्हणून आधी चिडली, मग दमली. बाळ दूध पिताना धापा टाकतं, झोपेत मध्येच थांबतं आणि तिचं काळीज लक्कन हलतं, म्हणाली. मागं बाळाचा खोकला ऐकू येत होता. मांजराच्या पिल्लासारखा. थोर्डिस सांगत होती, इथं ये, माझी छाती बघ कशी बरी झाली, नर्सला विचार. मग उन्नूर म्हणाली, "आई, बाल्डविनना दे."

मी फोन घेतला.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "आईला काय, ती काहीही बोलेल. तुम्हाला त्यातलं कळतं. तिथली हवा बाळाला मानवेल ना?"

थोर्डिस समोर उभी होती. गाल लाल, डोळे चमकत होते, हातात टोपडं. मी नाही म्हटलं असतं तर ती बॅग उचलून पुन्हा निघाली असती, आणि या खेपेला तिनं मला गाडी वळवू दिली नसती. हो म्हटलं तर बाळ येणार होतं. बोळातल्या जाळीमागं काहीतरी हलकेच सरकल्यासारखं झालं, आणि मग शांत झालं. घरातली सगळी हवा थांबल्यासारखी वाटली. फोनमध्ये ते बाळ पुन्हा खोकलं. आणि तो खोकला मला सहन होईना. या घरात मी तो आवाज विसरलो होतो.

"मानवेल," मी म्हणालो. "उशीर करू नकोस. रस्ते चांगले आहेत."

थोर्डिस टाळी वाजवून पाळण्याची चादर शोधायला गेली. मी मागच्या छोट्या खोलीत गेलो. ती खोली आम्ही वापरत नव्हतो, म्हणून खिडकीखालची गरम हवेची जाळी मी बंद ठेवली होती. तिची पट्टी सरकवून ती पूर्ण उघडली आणि वर हात धरला. भट्टी पेटलेली नव्हती. तरीही हवा आली, ओलसर, कोमट, हळू. मग थांबली. मग पुन्हा आली. कुणी अगदी जवळ येऊन, न बोलता, तळहातावर श्वास सोडावा तशी.

मी हात काढला नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं.